काळ्या प्लगची साक्ष

मोटारगाडी ही वस्तु आतां आपल्या शहरी घरांतून इतकी रुळली आहे कीं, तिच्या पोटांत काय चाललेलें असतें याचा विचार गाडी अडल्याशिवाय आपण करीत नाहीं. ती अडली म्हणजे मिस्त्री येतो, पुढचें झांकण उघडतो, पान्यानें बोटाएवढा एक प्लग काढून आपल्यापुढें धरतो आणि म्हणतो, "साहेब, प्लग काळा झाला आहे." आपण मान डोलावतों, नव्या प्लगचे पैसे देतों, गाडी सुरू होते, आणि आठ दिवसांनीं तोच खेळ पुन्हां सुरू होतो. मिस्त्री खोटें बोललेला नसतो. परंतु त्यानें सांगितलें तें लक्षण होय. रोगाचें नांव अद्याप कोणीं घेतलेलेंच नसतें. अंगांत ताप आहे एवढें सांगून वैद्य निघून गेला तर आपण त्यास निदान म्हणत नाहीं. मग काळ्या प्लगच्या बाबतींत आपलें समाधान इतक्या लवकर कां व्हावें?

ज्या गाडीच्या इंजिनांत मालकानें हौसेनें फेरफार करून घेतलेले असतात, तिच्या बाबतींत तर हें घाईचें समाधान फारच महागांत पडतें. अशा इंजिनांतील काळवंडलेल्या प्लगवरून खरें निदान कसें करावें, हा आजचा विषय आहे. विषय कारखान्यांतला वाटला तरी त्यांत आपल्या पैशाचा, इंजिनाचा आणि प्रसंगीं जिवाचाहि प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम प्लग म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. एक लोखंडी कवच, त्याच्यावर हेडमध्यें बसण्यासाठीं आंटे. कवचाच्या पोटांत चिनी मातीसारखें दिसणारें, पण वस्तुतः ॲल्युमिनाचें पांढरें नळकांडें. त्या नळकांड्याच्या मधून खालपर्यंत गेलेली एक तार. आणि कवचाला चिकटलेली एक वाकडी पट्टी. तारेचें टोंक आणि पट्टी यांच्यामध्यें साधारणपणें अर्ध्यापासून एक मिलीमीटरपर्यंत फट ठेवलेली असते. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबलें गेलें म्हणजे नेमक्या क्षणीं कॉइलकडून विजेचा दाब येतो. तो हजारों व्होल्टांपर्यंत चढला कीं, ठिणगी फट ओलांडते आणि मिश्रण पेटतें. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदास २५ ठिणग्या द्याव्या लागतात. त्यांतल्या कांहीं चुकल्या कीं इंजिनाचा ठेका चुकतो. यालाच आपले मिस्त्री 'गाडी मिसिंग करते' असें म्हणतात.

आतां प्लग काळा झाला म्हणजे बिघडतें तें काय? काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनांतून वीज वाहते. पांढऱ्या नळकांड्याचें सारें काम विजेला अडवून धरण्याचें. त्याच्यावर काजळीचा थर बसला कीं, विजेला फट ओलांडण्याची गरजच उरत नाहीं. ती त्या थरावरून निमूटपणें कवचाकडे निघून जाते. तळाला भोंक पडलेला हंडा नळाखालीं कितीहि वेळ ठेवला तरी कांठोकांठ भरत नाहीं, तसा विजेचा दाब पुरेसा चढतच नाहीं, आणि ठिणगी पडत नाहीं.

येथें एक रूढ गैरसमज दूर केला पाहिजे. प्लग बाहेर काढावा, इंजिनाला टेकवावा आणि ठिणगी दिसते कीं नाहीं तें पाहावें, ही रीत सर्वत्र आहे. परंतु उघड्या हवेंत ठिणगी पडण्यास जेवढे व्होल्ट पुरतात त्यांच्या कितीतरी पट सिलिंडरांतील कोंडलेल्या हवेंत लागतात. तेव्हां बाहेर ठिणगी दिसली म्हणून आंतहि ती पडतेच, असें म्हणतां येत नाहीं. शिवाय प्लगच्या मोकळ्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असतांना त्याच्या शेजारींच ठिणगी पाडणें हा आगीशीं खेळ आहे. ही परीक्षा उपयोगाची थोडी आणि धोक्याची अधिक, असें समजावें.

मग सगळेच प्लग काळे होऊन बंद कां पडत नाहींत? कारण सुस्थितींतला प्लग स्वतःला स्वतःच साफ करीत असतो. चुलीवरून उतरलेल्या तव्याच्या बुडाची काजळी कधीं कधीं बारीक ठिणग्यांनीं पेटत जातांना आपण पाहिली असेल. प्लगच्या टोंकाशींहि असेंच होतें. तेथील उष्णता सुमारें ४५० ते ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर गेली कीं बसलेली काजळी जळून जाते. उलटपक्षीं ही उष्णता ९०० अंशांच्या आसपास पोंचली, तर प्लगचें टोंकच निखाऱ्यासारखें लाल होतें आणि ठिणगीची वाट न पाहतां मिश्रणास अवेळीं पेटवून देतें. म्हणजे प्लगचें आयुष्य या दोन मर्यादांच्या मध्यें चालतें: खालीं उतरला तर काजळतो, वर चढला तर इंजिनासच जाळतो.

याच कारणासाठीं प्लग निरनिराळ्या 'गरमी'चे बनवितात. ज्याच्या आंतील पांढऱ्या नळकांड्याचें नाक लांब असतें त्याची उष्णता सावकाश बाहेर जाते; तो 'गरम' प्लग. ज्याचें नाक आंखूड असतें त्याची उष्णता झटकन् हेडमध्यें उतरते. तो 'थंड' प्लग. दोन्हींची ठिणगी सारखीच असते. फरक केवळ उष्णता टिकविण्याचा. ग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एन्. जी. के. या जपानी कंपनीच्या प्लगवरचा आंकडा मोठा असेल तर प्लग थंड समजावा. बॉश या जर्मन कंपनीच्या प्लगवर मात्र मोठा आंकडा गरम प्लगचा असतो. केवळ आंकडा वाचून एकाच्या जागीं दुसरा घेतला तर नेमका उलटा प्लग हातीं पडण्याचा संभव आहे.

इंजिनांत फेरफार करण्याची हौस आजची नव्हे. आपल्याकडे ज्या गाडीनें हजारों कुटुंबांस मोटार चालविणें शिकविलें, त्या प्रीमियर पद्मिनीचेंच घराणें पाहा. सन १९३७ मध्यें इटलींतील फियाट कंपनीनें ५०८ सी या गाडींत एक चार सिलिंडरांचें इंजिन बसविलें. त्याच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलीमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलीमीटर, आणि एकूण आकार १०८९ घनसेंटिमीटर. त्याची शक्ति सुमारें ३२ घोड्यांची होती. महायुद्ध संपल्यावर, सन १९४६ मध्यें, चिसितालिया या लहानशा इटालियन कंपनीनें हेंच इंजिन घेतलें, त्यांत सुधारणा केल्या आणि जवळ जवळ दुप्पट शक्ति मिळवून त्याच्यावर शर्यतीची गाडी उभी केली. त्या गाडीची आंखणी दान्ते जाकोसा या फियाटच्याच अभियंत्याची होती. पुढें सन १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतींत वृद्धत्वाकडे झुकलेला प्रख्यात चालक ताझिओ नुवोलारी हा चिसितालियाच्या छोट्या गाडींतून मोठमोठ्या गाड्यांच्या पुढें होता. परंतु जोराच्या पावसांत ठिणगीची यंत्रणा भिजली, वेळ गेला, आणि त्यास दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. वाढविलेली शक्ति अखेर एका ठिणगीच्या आधारानें उभी असते, याचें याहून ठळक उदाहरण सांपडणें कठीण.

याच घराण्यांतलें १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन घेऊन मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें फियाट व पुढें पद्मिनी गाड्या बनविल्या. ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापन केली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून पद्मिनीनें सन २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला; तथापि हौशी मंडळींच्या घरीं जपलेल्या पद्मिनी आजहि दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या इंजिनांत फेरफार केलेले असतात. तेव्हां उदाहरणादाखल अशीच एक गाडी डोळ्यांपुढें आणूं.

समजा, मालकानें हेड घासून घेऊन सिलिंडरांतला दाब वाढविला. जुन्या कारब्युरेटरच्या जागीं मोठा कारब्युरेटर बसविला. कॅम बदलला. आणि शर्यतीच्या गाड्यांत थंड प्लग घालतात असें कोणाकडून तरी ऐकून चारहि प्लग दोन पायऱ्या थंड घातले. पुण्याहून साताऱ्याकडे जातांना गाडी अशी धांवते कीं मालकास धन्यता वाटते. परंतु शहरांत, चौकाचौकांत थांबत दहा मिनिटें गेलीं कीं इंजिन थरथरूं लागतें, फटफट आवाज येतो, पेट्रोलचा वास सुटतो, आणि अखेर सिग्नललाच गाडी बंद पडते. प्लग काढून पाहावे तर चारहि कोरडे आणि काळेकुट्ट.

यांत आश्चर्य असें कांहींच नाहीं. मोठ्या कारब्युरेटरचा घसा रुंद असतो. इंजिन सावकाश चालत असतां त्या घशांतून हवा मंद गतीनें जाते. तिच्यांत पेट्रोलचा बारीक तुषार करण्याचा जोर नसतो. पेट्रोल थेंबाथेंबांनीं आंत जातें आणि अर्धवट जळतें. नव्या कॅममुळें हवा आंत घेणारा व धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह अधिक काळ एकदमच उघडे राहतात. वेगांत याचा लाभ होतो. मंद गतींत मात्र जळलेला वायु परत आंत शिरतो आणि ताज्या मिश्रणास पेटूं देत नाहीं. तें पेटावें म्हणून मिस्त्री पेट्रोल वाढवितो, आणि काजळीहि वाढते. त्यांत प्लग थंड. शहरांतल्या रांगणाऱ्या चालींत तो कधींच ५०० अंशांपर्यंत पोंचत नाहीं. काजळी बसते, पण जळत नाहीं. इंजिन सुधारलें खरें, पण घाटांतल्या व मोकळ्या रस्त्यावरच्या चालीसाठीं. आणि त्याचें आयुष्य मात्र जातें चौकांतल्या गर्दींत.

तथापि काळा प्लग दिसला म्हणजे कारण हेंच, असें ठरवून मोकळें होऊं नये. निदानाचा एक क्रम आहे, आणि तो सोडला तर चांगला जाणता मनुष्यहि फसतो.

पहिला नियम: पुरावा बिघडवूं नका. गाडी घराशीं आणून दहा मिनिटें उभ्या उभ्या चालूं ठेवली आणि मग प्लग काढले, तर ते त्या दहा मिनिटांचीच हकीकत सांगतील. ज्या चालींत दोष दिसतो त्याच चालींत कांहीं अंतर जावें, नंतर एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावें, आणि गाडी कडेला घ्यावी. हें अर्थात् मोकळ्या, निर्धोक रस्त्यावरच करावें. इंजिन बंद होतांच ब्रेक व स्टीअरिंग यांना मिळणारी यंत्राची मदत कांहीं गाड्यांत नाहींशी होते, याचें भान ठेवावें, आणि किल्ली एवढी मागें फिरवूं नये कीं स्टीअरिंगच अडकेल. मग इंजिन पुरतें निवूं द्यावें. हेड ॲल्युमिनमचें असेल तर गरम असतांना प्लग काढण्यानें आंटे खरडून निघतात. प्लगच्या भोंवतालची धूळ फुंकून टाकावी, आणि काढलेले प्लग कागदावर एक, दोन, तीन, चार असे ज्या त्या सिलिंडरच्या क्रमानें मांडून ठेवावे. चारहि प्लग एका डब्यांत टाकणारा मिस्त्री अर्धें निदान तेथेंच गमावून बसतो.

दुसरा प्रश्न: एक कीं सगळे? याइतका उपयुक्त प्रश्न दुसरा नाहीं. चारहि प्लग सारखेच काळे असतील, तर कारण चौघांना समाईक असलेल्या गोष्टींत शोधावें: मिश्रणांत पेट्रोल जास्त, चोक अडकलेला, हवेची जाळी तुंबलेली, कारब्युरेटरमधला फ्लोट चढलेला, कॉइल अशक्त, किंवा प्लगच थंड. एकटाच काळा असेल, तर कारण त्या एका सिलिंडरांत किंवा त्याच्या तारेंत आहे. शेजारशेजारचे दोन काळे असतील, तर त्यांच्यामधलें गॅस्केट फुटून एकाचा दाब दुसऱ्यांत जात असावा, अशी शंका घ्यावी. आणि गाडीला दोन कारब्युरेटर बसविले असतील, तर ते दोन प्लग एकाच कारब्युरेटरच्या वांट्याचे आहेत कीं काय, हें आधीं पाहावें. चारांतला एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर आनंद मानूं नये. त्या सिलिंडरांत रेडिएटरचें पाणी शिरत असण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न: काळा म्हणजे कसा काळा? मखमलीसारखा कोरडा, बोटाला लागणारा काळा थर ही पेट्रोलच्या आधिक्याची काजळी. ओला व चकचकीत काळा थर असेल, तर तें इंजिनाचें तेल किंवा न जळलेलें पेट्रोल. या दोहोंतला भेद घरच्या घरीं कळतो. प्लगचें टोंक स्वच्छ कागदावर टेकवा. डाग थोड्या वेळांत उडून गेला तर तें पेट्रोल. पापड ठेवलेल्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर तें तेल. पेट्रोलनें भिजलेला प्लग सांगतो कीं माझ्याकडे ठिणगीच येत नाहीं, किंवा इतकें पेट्रोल आलें कीं मी बुडालों. तेलानें माखलेला प्लग सांगतो कीं पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्हचीं सीलें गेलीं आहेत. उतारावरून येऊन पुन्हां ॲक्सिलरेटर दाबतांच निळसर धूर निघत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलांवर अधिक संशय घ्यावा. तेलाच्या रोगावर कारब्युरेटर कितीहि पिळला तरी गुण यावयाचा नाहीं.

रंगांची पुढली यादी मी थोडक्यांत सांगतों. फिकट तपकिरी किंवा करडा रंग हा आरोग्याचा. पांढरा, फोड आलेला, टोंक झिजलेला प्लग हा अतिउष्णतेचा. राखेसारखे खरबरीत पांढरे खडे बहुधा जळलेल्या तेलांतल्या क्षारांचे असतात. पांढरें नळकांडें तडकलेलें दिसलें, तर सिलिंडरांत ठोका बसत असेल, किंवा प्लग बसवितांना कोणाच्या तरी हातून आपटला असेल.

परंतु रंग वाचतांना काळहि ध्यानांत घ्यावा लागतो. जुन्या पुस्तकांतून प्लगच्या सुरेख तपकिरी रंगाचें जें वर्णन येतें तें शिशाच्या पेट्रोलच्या दिवसांतलें आहे. सन १९२१ मध्यें अमेरिकेंत थॉमस मिड्ग्ले यानें पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालण्याची युक्ति काढली, आणि पुढें कित्येक दशकें जगभर तेंच पेट्रोल जळलें. भारतांत शिशाचें पेट्रोल सन २००० मध्यें बंद झालें. आजच्या पेट्रोलनें प्लगला रंग फिका व सावकाश चढतो. त्यांतच आतां आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र आलें आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पुरतें जळण्यासाठीं वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारें ९ भागच. म्हणून जुन्या कारब्युरेटरच्या त्याच जेटमधून हें नवें पेट्रोल गेलें, तर मिश्रण पूर्वींपेक्षां पातळ होतें. तेव्हां अशा पेट्रोलवरहि प्लग काळेकुट्ट होत असतील, तर पेट्रोलचें आधिक्य किरकोळ नव्हे असें समजावें. किंवा दोष दुसरीकडेच आहे.

चौथी परीक्षा अदलाबदलीची, आणि ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. समजा दुसऱ्या सिलिंडरचा प्लग एकटाच काळा होतो. तो साफ करून तिसऱ्यांत घालावा आणि तिसऱ्याचा दुसऱ्यांत. गाडी दोन दिवस चालवावी. काळेपणा प्लगबरोबर तिसऱ्यांत गेला, तर प्लग सदोष. काळेपणा दुसऱ्यांतच राहिला, तर प्लग निरपराध; आतां तारांची, मग टोप्यांची तपासणी करावी. त्याहि ठीक निघाल्या, तर सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी भरला, तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. तेलानें दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. यांत एकच पथ्य आहे: एका वेळीं एकच वस्तु बदलावी. प्लग, तार, जेट आणि कॉइल एकदम बदलून गाडी सुधारली, तर गाडी सुधारते पण ज्ञान कांहीं पदरांत पडत नाहीं, आणि दोष परत आला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ.

आतां आपल्या उदाहरणांतल्या पद्मिनीकडे वळूं. चारहि प्लग काळे, चारहि कोरडे, दोष शहरांत दिसतो, मोकळ्या रस्त्यावर नाहीं. येथें सोपा मोह असा होतो कीं, प्लग थंड आहेत, तर खूप गरम प्लग घालून टाकावे. काजळी जळून जाईल. आणि खरोखरच शहरांत गाडी छान चालूं लागते. परंतु तीच गाडी उन्हाळ्यांत भर दुपारीं खंबाटकीचा घाट चढूं लागली म्हणजे काय होतें? हेड घासल्यामुळें दाब वाढलेला, उष्णता वाढलेली. गरम प्लगचें टोंक लाल होतें, मिश्रण अवेळीं पेटतें, आणि कांहीं क्षणांत पिस्टनला भोंक पडूं शकतें. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगनें केलेली ही बचत इंजिनाच्या किंमतीवर येते, आणि घाटाच्या वळणावर इंजिन बंद पडणें ही केवळ खर्चाची गोष्ट नव्हे.

म्हणून उपायाचा क्रमहि निदानासारखाच धीराचा हवा. प्रथम मिश्रण सुधारावें: फ्लोटची उंची, मंद गतीचें जेट, चोक पुरता उघडतो कीं नाहीं हें पाहणें, हवेची जाळी. मग ठिणगी: पॉइंटची फट, कंडेन्सर, कॉइल, तारा. यानंतरहि शहरांत प्लग काजळत असतील, तर आणि तरच, प्लग एका पायरीनें गरम घ्यावा, आणि मोकळ्या रस्त्यावर पूर्ण जोरानें चालवून पुन्हां तो काढून पाहावा. टोंक पांढरेंफटक पडूं लागलें तर मुकाट्यानें एक पायरी मागें यावें. एवढें करूनहि दोन्हीकडचें साधत नसेल, तर मालकानें स्वतःलाच प्रश्न विचारावा कीं, ही गाडी मला कोठें चालवावयाची आहे? कांहीं फेरफारांना एकच उपाय असतो, तो म्हणजे थोडे मागें फिरणें. शिवाय गाडीच्या नोंदणींतील मूळ बांधणींत मन मानेल तसा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें, हेंहि हौसेपूर्वीं विचारांत घेतलेलें बरें.

काजळलेला प्लग साफ करण्याबाबत एक सूचना. तारेच्या ब्रशनें पांढरें नळकांडें घासूं नये. धातूच्या बारीक रेघा त्याच्यावर उमटतात आणि काजळीनें केलें तेंच काम त्या रेघा करूं लागतात. इरिडियमच्या बारीक टोंकाच्या प्लगला तर हातच लावूं नये. नवा प्लग बसवितांना प्रथम हातानें पुरता फिरवावा, मग पान्यानें नेहमींच्या १४ मिलीमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला अर्धा ते दोनतृतीयांश फेरा पुरतो. जुनाच पुन्हां बसवावयाचा तर एक बारांश फेरा पुष्कळ झाला.

अलीकडच्या संगणकवाल्या गाड्यांत कारब्युरेटर नाहीं, म्हणून तेथें हा प्रश्न नाहीं असें कोणीं समजूं नये. कोणत्या सिलिंडरांत ठिणगी चुकते हें तेथें यंत्रच सांगतें. पी ०३०१ ही खूण पहिल्याची, पी ०३०२ दुसऱ्याची. परंतु कां चुकते तें यंत्र सांगत नाहीं. उलट एक विचित्र फसवणूक तेथें संभवते. ठिणगी चुकली म्हणजे सिलिंडरांतील प्राणवायु न वापरतां तसाच बाहेर पडतो. धुराच्या नळींतला संवेदक तो प्राणवायु पाहतो आणि संगणकास कळवितो कीं हवा जास्त झाली. संगणक बिचारा आज्ञाधारकपणें पेट्रोल वाढवितो, आणि आधींच काळवंडलेला प्लग आणखी काळवंडतो. मोठे इंजेक्टर किंवा टर्बो बसवून संगणकाचे आंकडे बदललेल्या गाडींत हें चक्र आणखीच लवकर फिरूं लागतें. अशा गाडींत तार काढून सिलिंडर ओळखण्याची जुनी रीत वापरूं नये. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यांत जाऊन तें भांडें लाल होईपर्यंत तापतें. कोरड्या गवतावर उभी असलेली गाडी पेट घेण्यास एवढें कारण पुरतें.

आणि एक शेवटची, पण घरच्या सर्व मंडळींनीं लक्षांत ठेवण्याची गोष्ट. ज्या इंजिनाचा प्लग कोरडा काळा होतो, त्याच्या धुरांत बहुधा कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. प्लग साफ करून झाल्यावर 'जरा चालवून पाहूं' म्हणून दार लावलेल्या गॅरेजांत इंजिन चालूं ठेवणें म्हणजे मृत्यूस घरीं बोलावणें होय. दार उघडें ठेवूनहि भागत नाहीं. गाडी बाहेर काढावी आणि मगच इंजिन सुरू करावें.

श्रोतेहो, यापुढें कोणीं आपल्यापुढें काळा प्लग धरला, तर त्यास तीन प्रश्न शांतपणें विचारा: बाकीचे तीन कसे आहेत? हा कोरडा आहे कीं ओला? आणि कोणत्या चालीनंतर काढला? या तिहींचीं उत्तरें देणारा मिस्त्री भेटला, तर त्याला सोडूं नका. उत्तरें मिळालीं नाहींत, तर नवा प्लग विकत घेण्याची घाई करूं नका. त्या बोटाएवढ्या वस्तूनें आपल्या इंजिनाच्या अंतरंगाची सारी हकीकत आपल्या अंगावर लिहून आणलेली असते. ती पुसून टाकण्यापूर्वीं एकदां नीट वाचावी, एवढीच माझी विनंती आहे.